दुसऱ्याच्या पायातले बूट

फोतिनी साधे काळे बूट घ्यायला निघाली होती, आणि हाय स्ट्रीटवरच्या त्या दुकानात काचेमागे ते उभे होते. छाटल्यासारखं चौकोनी नाक, पुढे गडद तांबडं चामडं आणि बाजूंना सायीसारखं फिकट, खाली थरावर थर चढवलेली जाड टाच. शेजारच्या पाटीवर तिरक्या अक्षरांत लिहिलं होतं की हे परत आलेत. तिने ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. पाऊस केव्हाच थांबला होता आणि आपण अजून छत्री उघडीच धरून उभ्या आहोत हे तिला कळलं ते एक माणूस "आजी, जरा डोळ्यात जाईल" म्हणत वळसा घालून गेला तेव्हा. तिने छत्री मिटली. काचेत तिचा स्वतःचा चेहरा दिसत होता, पांढरे केस, नाकाचा शेंडा थंडीने लाल झालेला, आणि त्या चेहऱ्याच्या बरोबर खाली, जणू तिचेच पाय तिथे संपावेत तसे, ते दोन रंगांचे बूट.

सकाळी आरेतीचा फोन आला होता. लेफ्टेरिसची मुलगी. परवा तिचा बाप जीलाँगच्या इस्पितळात वारला, काल त्याला इकडे मेलबर्नला आणलं, कारण प्रेस्टनच्या चर्चमागे आईबाबांशेजारी त्याची जागा ठरलेली होती. "आत्या, अंत्यविधीवाल्यांनी कपडे मागितलेत," आरेती म्हणाली. "सूट मिळाला. बूटच नाहीत. अख्खं कपाट उपसलं. रबरी चपला आहेत, आणि ते लोकरीचे. बाबांना काय मेंढीच्या लोकरीत पुरायचं?"

"नवे लागतात," फोतिनी म्हणाली होती. "जमिनीला न लागलेले. मी आणते."

"आणि तू ये. झाकण लावायच्या आधी घरच्या कुणीतरी बघून हो म्हणावं लागतं म्हणे. मी एकटी आत जाणार नाही."

"तू बघितलंस की त्याला. इस्पितळात."

आरेती म्हणाली, "मी पोचले तेव्हा त्यांनी चादर ओढली होती, आत्या. मी नाही उचलली."

म्हणजे कुणीच बघितलं नव्हतं. फोन ठेवल्यावर फोतिनीने कॉफी केली, ती गार झाली, पुन्हा केली. रडू येईल म्हणून ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून राहिली, जशी माणसं पाहुण्याची वाट बघत बसतात. आलं नाही. या भावासाठी तिचं एकदा रडून झालं होतं. सतरा वर्षांची असताना, अगदी घसा फाटेपर्यंत, जमिनीवर पडून. आता चादरीखाली पुन्हा दुसराच कुणी निघेल अशी एक वेडगळ भीती तिला वाटत होती, आणि तिच्या मागे दुसरी होती, जास्त वाईट: की तोच असेल, आणि आपल्याला काहीच वाटणार नाही.

दुकानात ऊब होती. नाकात कडी घातलेली पोरगी पुढे आली. "घालून बघायचेत, आजी? काचेतले?"

"कुणी आणले हे परत?"

"एका गाण्यात आले आणि पेटलंच. आता सगळ्यांना हवेत." तिने एक बूट काढून फोतिनीच्या हातात दिला. "तुमच्या वेळचे ना हे? ती केस छाटलेली पोरं घालायची ती?"

"माझे वडील शिवायचे."

"काय सांगता! मग आमच्याकडे कामालाच या." पोरगी हसली.

बूट हातात काहीच नव्हता. पिसासारखा. फोतिनीने टाचेवर बोटाचं पेर वाजवलं तर रिकाम्या डब्यासारखा आवाज आला, आतून पोकळ, ओतीव. बाबांच्या टाचेला आवाज नसे. ती चामड्याचे थर एकावर एक डकवून, खिळे ठोकून, रापीने तासून, शेवटी मेणाने घोटून केलेली असे, आणि ती फरशीवर पडली की ठोका आधी पोटात जाणवे आणि मग कानात. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या दुकानापासून टाऊन हॉलपर्यंत असे कितीतरी ठोके जात. शार्पी म्हणत त्या पोरांना. वरून केस भादरलेले, मागे मानेवर शेपट्या सोडलेल्या, अंगाला चिकटलेले लोकरी स्वेटर, आणि पायात घरातल्या कुणाहीपेक्षा चांगले बूट. आयते मिळणारे बूट घालणं म्हणजे त्यांच्यात नाक कापून घेणं. प्रत्येकाला आपलाच वेगळा जोड हवा असे, म्हणून ती कागदावर रेघोट्या मारून आणत आणि बाबांपुढे धरत. "काका, टाच अजून एक थर." "काका, नाक अजून चौकोनी." बाबा सुईदोरा दातात धरून ग्रीकमध्ये शिव्या घालत, आणि पोरं न कळताही मान डोलवत. "भादरलेली मेंढरं," बाबा म्हणत, "पण चामड्याला हात लावतात तो बघ कसा. तुझा तो चुलतमामा बँकेत आहे, त्याला विचार हे वासराचं की बैलाचं." आणि मग एका हिवाळ्यात लेफ्टेरिसने स्वतःचं डोकं भादरून घेतलं. आईने तीन दिवस अबोला धरला. बाबांनी फक्त त्याच्या पायाचं माप घेतलं. तांबडा आणि फिकट. नाक छाटलेलं. टाच बाकी पोरांपेक्षा एक थर जास्त. दिवसभराचं काम आटपल्यावर ते त्या जोडाला बसत, आणि फोतिनी गल्ल्यावर हिशोबाच्या नावाखाली ते बघत बसे, कारण बाबांना कुणावर प्रेम करताना बघायची तेवढीच एक जागा होती.

"घरात कुणासाठी हवेत?" पोरगी विचारत होती.

"भावासाठी. हे नकोत. काळे, साधे."

"नंबर?"

फोतिनी चांभाराची मुलगी, आणि भावाच्या पायाचा नंबर तिला ठाऊक नव्हता. सोळाव्या वर्षी आठ होता. त्यानंतर त्याने कधी बूट घेतलेच नाहीत.

"कुठे घालणार आहेत ते? म्हणजे खूप चालायचं असलं तर मऊ तळाचे देते."

"चालायचं नाही," फोतिनी म्हणाली. "नऊ दे."

पिशवी घेऊन ती ट्रामच्या थांब्यावर आली आणि ट्राम सोडून दिली. चालत जाण्याइतकंच अंतर होतं, आणि चालत गेलं तर उशीर होणार होता. हाय स्ट्रीट तीच, चढावाची. फक्त बाबांच्या दुकानाच्या जागी आता कुत्र्यांना अंघोळ घालून देतात. त्या दाराशी तो पोलीस उभा राहिला होता, तरुण, टोपी काढून छातीशी धरलेली, दुसऱ्या हातात तपकिरी कागदाची पिशवी. रविवारी सकाळी. शुक्रवारी नाचाला गेलेला लेफ्टेरिस घरी आला नव्हता. धावत्या आगगाडीच्या दाराबाहेर लटकत जायची पोरांना हौस, त्यातला एक शनिवारी पहाटे खांबाला लागून पडला होता. खिशात कागद नव्हता. पोलीस म्हणाला, चेहरा दाखवण्यासारखा नाही, बूट ओळखलेत तरी चालेल, कारण बूट इथलेच आहेत असं स्टेशनवर एकाने सांगितलं. बाबांनी पिशवीतून एक बूट काढला. उजेडात धरला, उलटा केला, तळाच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, अगदी गिऱ्हाइकाने परत आणलेल्या बुटावरून फिरवतात तसा. दुसऱ्या बुटाची टाच निघाली होती. "माझ्या मुलाचे," ते म्हणाले. जगात तसा दुसरा जोड नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी चेहरा बघायला मागितला नाही. कशाला मागतील? चेहऱ्यांचं काय, चेहरे एकसारखे असतात. बूट एकसारखे नव्हते.

मग त्या घरात जे झालं ते फोतिनीला अजून वासांत आठवतं. काळ्या रंगाचा वास. आईने धुण्याच्या तांब्याच्या टाकीत रंग उकळला आणि घरातलं दिसेल ते कापड त्यात बुडवलं, पडदेसुद्धा, फोतिनीचा पिवळा स्वेटरसुद्धा. उकडलेल्या गव्हाचा वास. मेलेल्याच्या नावाने गहू उकडून, त्यात साखर, दालचिनी, डाळिंबाचे दाणे घालून चर्चमध्ये नेतात, तो मावशीने रात्रीतून करून टेबलावर ठेवला होता. मेणबत्तीचा वास. आपल्याच तोंडाला आलेला रडून रडून लोखंडी वास. सोमवारी दुपारी बायका आतल्या खोलीत आईला धरून बसल्या होत्या. फोतिनी पाणी आणायला स्वयंपाकघरात आली, तर मागचं दार उघडं होतं आणि टेबलाशी लेफ्टेरिस उभा होता. पायात कुणाच्या तरी रबरी चपला, डोळ्याखाली काळंनिळं, आणि तो वाटीतले गहू मुठीने खात होता.

"कोण गेलं?" तोंड भरलेलं असतानाच त्याने विचारलं.

आणि तोच बोलत राहिला, खालच्या आवाजात, घाईघाईने. "ताई, बाबांना तू सांग. हायडलबर्ग भागातल्या पोरांनी नाचाच्या बाहेर मला धरलं. बूट काढून नेले. अनवाणी कसा येणार होतो घरी, त्यांनी इतके दिवस बसून... मी पॉलकडे झोपलो तीन रात्री. सांग ना तू. मला लाज वाटते." आणि पुन्हा मूठ भरून घेतली, कारण त्याला भूक लागली होती.

हरलेल्याचे बूट जिंकलेल्याने घालायचे हा त्या पोरांचा रिवाज होता, एवढंच. बाकी सगळं त्यातून आलं. दारात आई उभी होती. तिने आधी त्याच्या पायांकडे बघितलं, मग हाताकडे, मग त्या वाटीकडे. ती ओरडली नाही, धावली नाही. भिंतीला टेकली आणि म्हणाली, "खाल्लेस?" आणि नंतर, फार वेळाने, "स्वतःचे खाल्लेस." गल्लीभर लोक हसले, रडले, बाबांनी वाइनच्या बाटल्या फोडल्या, मावश्यांनी त्याचे मुके घेऊन घेऊन त्याचा काळानिळा डोळा आणखी सुजवला. आईने त्याला जेवायला वाढलं. पण त्या दिवसापासून ती त्याला पाठीमागून कधी हाक मारीत नसे. काळे कपडेही तिने उतरवले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणे, "रंगवले ते रंगवले. आता पिवळे कुठून आणू?"

आणि आठवड्याच्या मधल्या वारी मिसेस हॅलोरन आल्या. फोतिनी तेव्हाही गल्ल्यावर होती. ठेंगणी बाई, डोक्याला रुमाल, आणि तीच तपकिरी पिशवी. पोलिसांनी शेवटी मेलेल्या पोराचं खरं घर शोधून काढलं होतं. "माझा ग्लेन," त्या म्हणाल्या, "सांगत होता, या दुकानातून करवून घेतलेत. पहिल्या कमाईतून. शनिवारी पहाटे दोस्ताकडून फोन केला मला उठवून, आई, घरी येतोय, माझे बूट बघशील तर... इतका खूश होता. मी बघितलेच नव्हते हो." टाच निघालेला बूट त्यांनी गल्ल्यावर ठेवला. "दुरुस्त होईल का? उद्या त्याला यातच मातीला द्यायचा आहे."

लेफ्टेरिस मागे ऐरणीशी होता. बाबांनी वळून त्याच्याकडे बघितलं. फोतिनीला आजही वाटतं की त्या क्षणी कुणीही काहीही बोललं असतं तर पुढची सगळी वर्षं निराळी गेली असती. पण बाबांनी बूट उचलला आणि तोडक्या इंग्रजीत म्हणाले, "चांगला मुलगा. मला आठवतो." मग त्यांनी टाच बसवली. घाई केली नाही. थर नवे लावले, खिळे मारले, कडा घोटल्या, दोन्ही बुटांना पॉलिश केलं, तांबड्याला तांबडं, फिकट्याला फिकट, इतकं की मिसेस हॅलोरन यांना त्यात स्वतःचा रुमाल दिसला असेल. त्या बाबांचा हात धरून रडल्या. मागे लेफ्टेरिस उभ्याचा उभा होता, अनवाणी, कारण दुकानात तो तसाच असे. त्या गेल्यावर तो म्हणाला, "बाबा, तो माझा जोड होता." बाबा म्हणाले, "होता." आणि पुढचं काम हातात घेतलं.

त्या बुटांत कुणीतरी जमिनीखाली गेलं. तो लेफ्टेरिस नव्हता, पण बूट त्याचे होते. गहू त्याचे होते, काळे पडदे त्याचे होते, फोतिनीचं रडूसुद्धा त्याचंच. मग वर उरलं ते कोण? हे तिने कुणाला कधी विचारलं नाही. पण पुढे आयुष्यभर तो खोलीत आला की तिला क्षणभर वाटे, कुणाच्या परवानगीने? बाबांनी त्याला दुसरा जोड करायचं काढलं तर तो म्हणाला, "राहू द्या, एकदा दिलात." तो जीलाँगला मेंढीच्या कातड्याच्या कारखान्यात लागला, लोकरी बूट शिवायला. तेव्हा ते बूट घालून कुणी दारातलं दूध आणायलासुद्धा बाहेर पडत नसे. उन्हाळ्यात रबरी चपला, हिवाळ्यात लोकरी बूट. लग्नात तो पांढऱ्या सँडल घालून उभा राहिला आणि पाद्रीबाबा मंत्र म्हणता म्हणता खाली बघत राहिले. मग अमेरिकेतल्या नट्या ते लोकरी बूट रस्त्यावर घालून फिरायला लागल्या आणि अचानक कारखान्यात रात्रपाळी सुरू झाली. "बघ ताई," तो फोनवर म्हणाला, "मी आयुष्यभर फॅशनच्या पुढे होतो, कुणाला कळलंच नाही." ती हसली. हसताना तिला वाटलं, हा आवाज कुठून येतो आहे? असं एकदा नाही, प्रत्येक फोनला वाटे. म्हणून फोन कमी केले. नाताळ, ईस्टर, त्याच्या नावाच्या संताचा दिवस. तो कधी म्हणे, "ये की एकदा, समुद्र बघ." ती म्हणे, "येईन रे." जीलाँग काय, गाडीने तासाभरावर.

अंत्यविधीवाल्यांच्या दारात आरेती उभी होती, अंगात बापाचा ढगळ कोट. तिने पिशवीत डोकावलं. "कुठला नंबर?"

"नऊ."

"मला तर माहीतच नाही," आरेती म्हणाली. "आत्या, तू जा. मी दारात थांबते. तू फक्त हो म्हणून ये."

आतला माणूस हळू आवाजाचा, गुबगुबीत होता, नावाने कोन्स्टास, आईच्याच गावाकडचा. त्याने दार उघडलं. खोली स्वच्छ, थंड, भिंतीवर एक घड्याळ. चादर गळ्यापर्यंत नव्हती, पूर्ण होती. कोन्स्टासने तिचं कोपर धरलं आणि विचारलं, "बाई, तयार आहात?" तिला वाटलं नाही म्हणावं. म्हणावं की बूट ठेवून जाते, तुम्हीच बघा, तोच आहे. दुसरा कोण असणार? बाबासुद्धा असंच म्हणाले असतील मनाशी. तिने मान हलवली आणि त्याने चादर खाली घेतली.

एक म्हातारा होता. गालावर पांढरे खुंट, कानात केस, कपाळावर उन्हाचे डाग. फोतिनी बघत राहिली. तिला वाटलं होतं की आत काहीतरी ओळखेल, किंवा ओळखणार नाही, पण दोन्हींपैकी एकही झालं नाही. बाबांचं नाक होतं, आईची हनुवटी होती, आणि त्या दोघांच्या मधे हा जो कुणी होता त्याच्याकडे आपण फार वर्षांत नीट बघितलंच नाही एवढंच तिला कळलं. सोळा वर्षांच्या चेहऱ्यावर नजर ठेवून ती या माणसाशी बोलत आली होती. "तोच," ती म्हणाली. नुसता शब्द. डोळे कोरडे.

"बूट मी घालतो," कोन्स्टास म्हणाला.

"मी बघते."

त्याने पायाकडची चादर वर केली. फोतिनी खाली वाकली आणि हातात काळा बूट तसाच राहिला. इतके रुंद पाय तिने कधी बघितले नव्हते. टाचा भेगाळलेल्या, जुन्या पावाच्या पाठीसारख्या. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधे रबरी पट्टीने पाडलेली खोल फट, इतकी की तिचं बोट त्यात बसलं असतं. पावलावर ऊन न लागलेला पट्टा, चपलेच्या आकाराचा, इंग्रजी व्हीसारखा फिकट. डाव्या अंगठ्याखाली जुनी जखम भरून आलेली. लहानपणापासून ती गल्ल्यावर बसून पाय बघत आली होती. बाबा म्हणत, माणूस तोंडाने काहीही सांगेल, पाय किती चालला ते सांगतातच. हे पाय चालले होते. गरम वाळूवर, कारखान्याच्या ओल्या फरशीवर, आरेतीला खांद्यावर घेऊन, नळी घेऊन टोमॅटोच्या वाफ्यातून, कुठे कुठे, वर्षानुवर्षं, एकटेच, आणि तिने एकदाही खाली बघितलं नव्हतं. हे कुणाच्या जागी उरलेल्याचे पाय नव्हते. हे त्याचे होते. तो इतका वेळ इथे होता, आणि आता नव्हता.

बूट अर्ध्यावर अडकला. तिने पुन्हा प्रयत्न केला, तळवा हाताने दाबून. गार, जड.

"बूट मागून चिरतो आम्ही," कोन्स्टास हळूच म्हणाला. "कुणाला दिसत नाही, बाई."

"चिरायचं नाही," फोतिनी म्हणाली. तिने बूट काढला आणि बाजूला ठेवला. मग दाराकडे तोंड करून, एरवी कामाला लावताना मारते तशी हाक मारली, "आरेती! तुझ्या पर्समध्ये नखं काढायचं आहे का?"

"काय?"

"नखं काढायचं. आण इकडे. ये, काही होत नाही, तोच आहे."

आरेती आली, भिंत धरून, आणि पर्समधून ते काढून तिच्या हातात दिलं. तिने एकदा बापाच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मग नजर हलवलीच नाही. फोतिनीने स्टूल ओढलं, चष्मा चढवला, भावाचं पाऊल मांडीवर घेतलं आणि करंगळीपासून सुरुवात केली. नखं जाड, पिवळी, वळलेली. दोन कापली आणि तिला पुढचं दिसेना. तिने चष्मा काढून कोटाला पुसला, तरी दिसेना.

"किती वाढवलीस रे," ती म्हणाली. "लेफ्टेरी, कुणाला सांगायचं नाही का, वाकवत नाही म्हणून? एक फोन करायचा. मी आले नसते का?"